शाश्वत ऊर्जेतली पीएचडी: चूल मोजली, स्वयंपाकघर राहिलं

"दादा, एम.एस्सी. झालं, पेट पण निघाली. सस्टेनेबल एनर्जीमध्ये पीएचडी करायची आहे, एखादा चांगला टॉपिक सांगा ना." हा प्रश्न मला वरचेवर येतो. आज टॉपिक सांगणार नाही. आपल्या क्षेत्रात टॉपिक ज्या पद्धतीने ठरतात, त्यावरच थोडी टीका करायची आहे. ती पटली तर टॉपिक तुमचा तुम्हालाच सापडेल.

आधी एक काम करा. शोधगंगा उघडा, ऊर्जेशी संबंधित एखादा शब्द टाका आणि फक्त शीर्षकं वाचत जा. सोलर स्टिल, सोलर ड्रायर, बायोगॅस, सुधारित चूल, ब्रिकेट. बरीचशी शीर्षकं एकाच साच्यातली दिसतील: अमुक उपकरणात तमुक बदल करून कार्यक्षमतेचा प्रायोगिक अभ्यास. आत निष्कर्षही ठरलेला असतो: कार्यक्षमता इतक्या टक्क्यांनी वाढली. आकडा बहुतेक वेळा खरा असतो, मोजमाप प्रामाणिक असतं. माझी तक्रार आकड्याबद्दल नाही. तो आकडा कशाभोवती रेघ ओढून काढला आहे, त्याबद्दल आहे.

आपण फिजिक्स-केमिस्ट्रीवाले पहिल्या सेमिस्टरलाच शिकतो की आधी सिस्टिम कोणती आणि तिची सीमा कुठे, ते ठरवा. थर्मोडायनॅमिक्सचं गणित तिथूनच सुरू होतं. पण 'शाश्वत' हा शब्द शीर्षकात आला की आपण हे विसरतो. सीमा उपकरणाच्या पत्र्याला चिकटवून ओढतो आणि निष्कर्ष मात्र गावाचा, देशाचा, हवामानाचा लिहितो.

वर्ध्यात हा प्रश्न नवीन नाही

मी सिंदी मेघेत राहतो. इथून मगनवाडी जवळच आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम मगनवाडीतून चालायचं. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा: लंडनला चार्टर्ड अकाउंटंट झालेले, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. मगन संग्रहालय १९३८ मध्ये उघडलं. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगन दीप' आणि धूर कमी करणारी 'मगन चूल' ही कामं याच परिसरातली. आज मगनवाडीत एमगिरी, म्हणजे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे आणि तिथे ऊर्जेवर काम करणारा विभागही आहे.

कुमारप्पांनी जबलपूरच्या तुरुंगात असताना 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिलं. ते १९४५ च्या सुमारास आलं. शुमाखरने 'स्मॉल इज ब्यूटिफुल'मध्ये (१९७३) कुमारप्पांचा आधार घेतला आहे. म्हणजे 'सस्टेनेबल' हा शब्द अनुदानाच्या अर्जात यायच्या कितीतरी आधी त्याची मांडणी आपल्या जिल्ह्यात काम करणाऱ्या माणसाने केली होती.

त्यांची मूळ विभागणी सोपी आहे. कोळसा, पेट्रोलियम, खनिजं यांचा साठा ठरलेला आहे, वापरला की संपतो. ही संपत्ती तात्पुरती. नदीचं वाहतं पाणी, जंगलातली वाढ ही कायमची. पण एका अटीवर: फक्त वाढ घ्यायची, मूळ साठ्याला हात लावायचा नाही. पुस्तक वाचणारे बऱ्याचदा ही अट सोडून देतात. लाकूड 'नवीकरणीय' आहे की नाही हे लाकडावर ठरत नाही, तोडण्याच्या आणि वाढण्याच्या वेगावर ठरतं. एकाच झाडाची फांदी एका गावात कायमची संपत्ती असते आणि दुसऱ्या गावात कोळशाइतकीच संपणारी.

कुमारप्पांवर टीकाही करायला हवी. त्यांच्याकडे तत्त्व आहे, पण एखाद्या गावाची वाढ किती आणि तोड किती हे कसं मोजायचं, याची पद्धत त्या पुस्तकात मिळत नाही. त्यामुळे ते वाचून मन भरतं, पण सिनॉप्सिस लिहिता येत नाही. आपल्या आजच्या प्रबंधांचं नेमकं उलट आहे: मोजमाप भरपूर, तत्त्व प्रस्तावनेतच संपलेलं. मला वाटतं, चांगली पीएचडी या दोघांच्या मधल्या जागेत आहे.

पाच लिटर पाण्याची गोष्ट

उदाहरण चुलीचंच घेऊ. चुलीची कार्यक्षमता मोजायची प्रचलित पद्धत म्हणजे वॉटर बॉइलिंग टेस्ट. भांड्यात ठरावीक पाणी, समजा ५ लिटर, घ्यायचं, उकळी आणायची, मग ४५ मिनिटं मंद आचेवर ठेवायचं. किती लाकूड जळलं ते वजन करायचं.

गणित करून बघा. ५ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे १५७० किलोज्यूल लागतात. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण १६,००० किलोज्यूल धरू. चूल १० टक्के कार्यक्षम असेल तर जवळजवळ एक किलो लाकूड लागेल, २५ टक्के असेल तर ४०० ग्रॅम. कागदावर ६०० ग्रॅम सरपण वाचलं. इथवर ठीक.

आता बारकाईने बघू. या चाचणीच्या सूत्रात वाफ होऊन गेलेल्या पाण्याची ऊर्जाही 'उपयोगी' धरतात. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की सुमारे २२६० किलोज्यूल उपयोगी खात्यात जमा. म्हणजे पाचही लिटर तापवायला जेवढी लागली, त्यापेक्षा जास्त! पण स्वयंपाक करणाऱ्या बाईला वाफ नको असते. वरण शिजायला हवं असतं. भांड्यावर झाकण ठेवून तिने वाफ वाचवली, तर तिचं सरपण वाचतं आणि सूत्रातल्या उपयोगी खात्यात मात्र तेवढं कमी जमा होतं.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे चुलीवर फक्त पाणी उकळत नाही. भाकर तव्यावर आणि मग आरावर शेकतात. वांगं भाजतात. रोडगे तर गोवऱ्यांच्या निखाऱ्यात जातात. वॉटर बॉइलिंग टेस्टमध्ये यातलं काहीच बसत नाही. ज्या चुलीत तोंड छोटं करून आच भांड्याच्या बुडाशी आणली आहे, ती चाचणीत पहिली येईल आणि भाकरीला नापास होईल.

तिसरी गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तरी चुकवू नये. एकूण कार्यक्षमता म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: इंधन किती पूर्ण जळलं आणि निर्माण झालेली उष्णता भांड्यात किती गेली. भांडं ज्वाळेच्या फार जवळ आणलं की दुसरी वाढते, पण थंड पृष्ठभागामुळे ज्वाळा विझायला लागते आणि पहिली घटते. उष्णतेच्या हिशेबात हा तोटा लहान असतो, धुराच्या हिशेबात मोठा. म्हणून कार्यक्षमता वाढलेली चूल धूरही वाढवू शकते. 'सरपण कमी, म्हणून धूर कमी, म्हणून आरोग्य चांगलं' ही साखळी ज्या प्रबंधात धूर न मोजताच लिहिलेली असते, तिथे परीक्षकाने लाल पेन काढायला हवा.

आकडा घरात गेल्यावर काय होतं

भारताने हा प्रयोग देशभर केला. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि २००२ मध्ये केंद्राने तो थांबवला. तोपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या होत्या. बसल्या, हेच क्रियापद मोजलं गेलं. वापरल्या किती, टिकल्या किती, हा प्रश्न नंतर आला.

या विषयावरचा सगळ्यांना माहीत असायलाच हवा असा पेपर म्हणजे रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांचा ओडिशातला अभ्यास (२०१६). ४४ गावं, अडीच हजारांहून जास्त कुटुंबं, सोडत काढून चुली दिल्या आणि चार वर्षांपर्यंत मागोवा ठेवला. पहिल्या वर्षी श्वासातून आत जाणारा धूर कमी झाला. पुढच्या वर्षांत फरक उरला नाही. सरपणात आणि आरोग्यात बदल दिसला नाही. कारण काय? लोक ती चूल अधूनमधूनच वापरत, आणि देखभाल होत नसे.

हा पेपर दोन्ही बाजूंनी वाचा. इंजिनिअरिंगवाले म्हणतात, "लोकांनी नीट वापरली नाही, चुलीचा काय दोष?" हे मला मान्य नाही. धुराडं साफ करावं लागणं हा डिझाइनचाच गुण किंवा दोष आहे. ते किती दिवसांनी तुंबतं, कोण साफ करतं, हात पोचतो का, हे सगळं चलांच्या यादीत यायला हवं. उलट बाजूला, काही जण या पेपरवरून "सुधारित चुली निरुपयोगी" असं लिहून मोकळे होतात. तेही चूक. अभ्यास एका स्वस्त, मातीच्या, धुराड्याच्या चुलीचा आणि तिच्या देखभालीच्या एका व्यवस्थेचा होता. त्याची सीमाही तेवढीच.

आता यात पैसाही आला आहे. चुली वाटून कार्बन क्रेडिट विकण्याचा व्यवसाय जगभर चालतो. जानेवारी २०२४ मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त आलेल्या गिल-विहल, कॅमन आणि हया यांच्या अभ्यासाने दाखवलं की त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत क्रेडिट प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे ९ पट जास्त दिले गेले. फुगवटा कुठून येतो? चूल किती घरांत रोज पेटते, जुनी चूल शेजारी चालूच आहे का, आणि सरपण खरंच 'न वाढणाऱ्या' जंगलातून येतं का, या गृहीतकांतून. शेवटचं गृहीतक म्हणजे कुमारप्पांचीच अट.

म्हणजे प्रयोगशाळेत ओढलेली रेघ पुढे सरकारी उद्दिष्ट बनते, मग बाजारातला भाव बनते. प्रबंध कपाटात पडून राहतो असं आपण गमतीत म्हणतो. त्यातला आकडा मात्र कपाटात राहत नाही.

पऱ्हाटीचं 'पोटेन्शियल'

दुसरा साचा म्हणजे बायोमास पोटेन्शियल. आपल्या कापूसपट्ट्यात हा टॉपिक हमखास सुचवला जातो. कापसाचं क्षेत्र गुणिले हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाट्या, गुणिले किलोला साधारण १७ मेगाज्यूल. उत्तर प्रचंड येतं. मग 'जिल्ह्यात इतक्या मेगावॅटची क्षमता' असं वाक्य.

जरा शेतात जाऊन विचारा. काही पऱ्हाट्या आधीच चुलीत जातात, म्हणजे त्या 'टाकाऊ' नाहीत, कुणाचं तरी सरपण आहेत. काही कुंपणाला लागतात. काही ठिकाणी श्रेडर फिरवून शेतातच मिसळतात. उपटायला मजूर लागतो आणि चना पेरायची घाई असेल तर पऱ्हाट्या बांधावर ढीग करून पेटवणं सोपं पडतं.

त्यात गुलाबी बोंडअळी. कृषी विभाग सांगतो, फरदड घेऊ नका, हंगाम संपला की पऱ्हाट्या नष्ट करा, ढीग लावून ठेवू नका. कारण अळी त्यात राहते. ब्रिकेटचा कारखाना वर्षभर चालवायचा तर पऱ्हाट्या साठवाव्याच लागतील. म्हणजे ऊर्जेचा सल्ला आणि किडीचा सल्ला एकमेकांच्या विरुद्ध जातात. फरदड घेतली तर माल उशिरा येतो, नाही घेतली तर लवकर. ब्रिकेट प्रेसची कार्यक्षमता २ टक्क्यांनी वाढवण्यापेक्षा, चुरा करून साठवला तर अळी मरते का आणि त्याला खर्च किती, हा प्रश्न कितीतरी जिवंत आहे. आणि तो वर्ध्यात बसूनच नीट सुटेल.

सोलरबद्दल थोडक्यात. पॅनलवर लिहिलेले वॅट २५ अंश सेल तापमानाचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतं. कडक उन्हात सेल ७५ अंशांच्या आसपास जातो. सिलिकॉनची शक्ती अंशामागे सुमारे ०.४ टक्के घटते, म्हणजे ५० अंशांना २० टक्के. ३३० वॅटचं पॅनल २६४ वर आलं, धूळ अजून मोजलीच नाही. आपलं ऊन हीच आपली प्रयोगशाळा आहे, आणि तरी आपण बंद खोलीत हॅलोजन दिवे लावून विदर्भाचा निष्कर्ष काढतो.

मग प्रयोगशाळा सोडायची का?

नाही. इथे अमूल्य रेड्डींचं नाव घेतो. मूळचे इलेक्ट्रोकेमिस्ट. बॉक्रिस आणि रेड्डी यांचं 'मॉडर्न इलेक्ट्रोकेमिस्ट्री' तुमच्यातल्या केमिस्ट्रीवाल्यांनी वापरलं असेल, ते हेच रेड्डी. १९७४ मध्ये त्यांनी बंगळूरच्या आयआयएससीमध्ये 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू केला. कर्नाटकातल्या पुरा गावात सामुदायिक बायोगॅस प्रकल्प आधी स्वयंपाकासाठी आखला होता. गॅस सगळ्या घरांच्या स्वयंपाकाला पुरेना. गावाची निकड पिण्याच्या पाण्याची होती. मग १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज, त्यावर पंप आणि दिवे, अशी योजना झाली. उपकरण तेच, शेण तेच, प्रश्न बदलला. असा बदल करायला डायजेस्टरचं विज्ञान पक्कं माहीत असावं लागतं आणि गावाचं ऐकावंही लागतं.

तुम्ही पेरोव्हस्काइटच्या पातळ थरावर काम करत असाल तर तुम्ही गावात जायची गरज नाही. फक्त शेवटच्या प्रकरणात ग्रामीण विद्युतीकरण सोडवल्याचा दावा करू नका. सीमा छोटी असणं हा दोष नाही. छोटी सीमा ओढून मोठा दावा करणं हा दोष आहे.

विद्यार्थी असं का करतात हेही मला कळतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षं, कमाल सहा. जेआरएफ ३७,००० रुपये, तीही सगळ्यांना मिळत नाही, आणि मिळणाऱ्यांनाही दर महिन्याला वेळेवर मिळेलच असं नाही. यूजीसीने पेपरची सक्ती काढली, तरी विद्यापीठं आणि नोकरीच्या मुलाखती पेपर मागतातच. एका उपकरणात चार बदल केले की चार पेपर. स्वयंपाकघरात गेलं की वर्षभरात एक, तोही नाकारला जाण्याची शक्यता. दोष फक्त विद्यार्थ्याचा नाही. पण तुमच्या आयुष्यातली पाच वर्षं जाणार आहेत, म्हणून हिशेब तुम्हीच आधी करा.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

एक, दाव्याचं वाक्य आधी लिहा. "माझं काम संपल्यावर मी ___ बद्दल असं म्हणू शकेन की ___." पहिल्या रिकाम्या जागेत 'चूल' असेल तर दुसरीत 'कुटुंब' येऊ देऊ नका.

दोन, हंगाम मोजा. पऱ्हाटी वर्षातून एकदाच निघते. तीन वर्षांतलं पहिलं कोर्सवर्क आणि समितीच्या मंजुरीत जातं. हातात दोनच हंगाम उरतात. मंजुरी फेब्रुवारीत आली तर त्यातलाही एक हुकतो.

तीन, नमुना किती घरांचा? सरपणाचा वापर घराघरांत खूप बदलतो. समजा सरासरीच्या ४० टक्के फरक पडतो आणि तुम्हाला २० टक्क्यांची बचत पकडायची आहे. ढोबळ सूत्र: १६ गुणिले (४० भागिले २०) चा वर्ग, म्हणजे एका गटात ६४ घरं, दोन्ही मिळून १२८. तीन घरांत चूल ठेवून काढलेली बचत हा निष्कर्ष नाही, किस्सा आहे. ६४ घरं जमणार नसतील तर त्याच घरात आधी आणि नंतर असं मोजा. मग घराघरांतला फरक मध्ये येत नाही आणि कमी घरांत भागतं. पण ऋतू बदलला की सरपणही बदलतं, ते सांभाळा.

चार, वापर मोजा, विचारू नका. "चूल वापरता का?" याला सगळे "हो" म्हणतात, घरी आलेल्या पाहुण्याला कोण नाही म्हणेल? चुलीला लावायचे छोटे तापमान नोंदवणारे लॉगर मिळतात. नव्या आणि जुन्या, दोन्ही चुलींना लावा. घरात गॅस असेल तर तिथेही बघा. गॅस आला म्हणजे चूल विझली असं होत नाही.

पाच, माणसांच्या घरात मोजमाप म्हणजे एथिक्स कमिटी. सायन्सच्या विभागात हे कुणी आठवण करून देत नाही. संमतीपत्र मराठीत करा, आणि बाईंची संमती बाईंकडूनच घ्या.

सहा, गाइडशी पहिल्याच भेटीत हे बोला. "सर, मला मोजमापाची सीमा थोडी वाढवायची आहे, त्यामुळे एक पेपर कमी होईल, चालेल का?" उत्तर काय येतं त्यावरून पुढची पाच वर्षं बरीचशी कळतात.

पुढच्या वेळी किचन परफॉर्मन्स टेस्ट प्रत्यक्ष कशी करायची ते लिहितो: वजनकाटा कोणता, लाकडाचा ओलावा कसा धरायचा, किती दिवस मोजायचं. तोपर्यंत शोधगंगेवरचा तुमच्या विषयाचा एखादा प्रबंध घ्या, शेवटचं प्रकरण आधी वाचा, आणि तिथला प्रत्येक दावा प्रयोगाच्या प्रकरणात सापडतो का ते शोधा. जो सापडत नाही, तिथे कदाचित तुमचा टॉपिक आहे.